लोहकणांची वेचणी

धान्य निवडण्याचें काम आपल्या घरांत इतकें नित्याचें आहे कीं, त्यांत कांहीं शास्त्र असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु आपल्या भाषेनें ह्या एका कामासाठीं किती क्रियापदें राखून ठेविलीं आहेत तें पाहावें. वाऱ्यावर धान्य सोडून भूस उडविणें म्हणजे उफणणें. सुपांत घोळवून कोंडा काढणें म्हणजे पाखडणें. लहानमोठें वेगळें करणें म्हणजे चाळणें. पातळ पदार्थांतून घट्ट भाग काढणें म्हणजे गाळणें. ताकांतून लोणी वर आणणें म्हणजे घुसळणें. गढूळ पाण्यांत तुरटी फिरवून गाळ तळीं बसविणें म्हणजे निवळणें. आणि ह्या साऱ्या उपायांनींहि जो खडा मागें राहिला तो बोटांनीं उचलणें म्हणजे वेचणें.

ह्या प्रत्येक क्रियेच्या मुळाशीं एकच युक्ति आहे. जें हवें आणि जें नको, त्या दोहोंत कोणता एक गुण निराळा आहे तो हेरावयाचा, आणि त्या गुणाला धरून दोघांची फारकत करावयाची. हा गुण हेरतां आला नाहीं तर सूप कितीहि चांगलें असो, त्याचा उपयोग नाहीं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत दिवसाचा मोठा भाग ह्याच कामांत जातो. रक्ताच्या नळींत किंवा पानाच्या तुकड्यांत हवी असलेली वस्तु अत्यल्प असते आणि नको असलेल्या वस्तूंचा ढीग असतो. त्या ढिगांतून ती उचलून एका जागीं गोळा केल्यावांचून पुढची परीक्षा होतच नाहीं. अलीकडे हें काम लोखंडाच्या अति सूक्ष्म कणांकडून करवून घेतात. तीच हकीकत ह्या वेळीं सांगण्याचें योजिलें आहे. आणि घोलवडच्या दोन प्रश्नांच्या आधारानें ती सांगितल्यास वाचकांस अधिक नीट समजेल असें वाटतें.

पश्चिम रेल्वेच्या गाडीनें उत्तरेस जातांना डहाणू रोड मागें पडलें कीं पुढचें स्थानक घोलवड. पश्चिमेस समुद्र, गांवाभोंवतीं चिकूच्या वाड्या आणि पूर्वेस डोंगराच्या कडेनें वारली व इतर आदिवासींचे पाडे, अशी ह्या भागाची ठेवण आहे. येथील चिकूस २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ ह्या नांवानें भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हां पहिला प्रश्न वाडीवाल्यांचा आणि गिऱ्हाइकांचा: मुंबईच्या बाजारांत घोलवडचा म्हणून विकला जाणारा चिकू खरोखर घोलवडचाच आहे, हें प्रयोगशाळेंत सिद्ध होईल काय? दुसरा प्रश्न पाड्यांवरचा आणि अधिक गंभीर: आईच्या पोटांत असलेल्या मुलास सिकल सेलचा आजार आहे कीं नाहीं, हें केवळ आईच्या रक्तावरून कळेल काय? दोन्हीं प्रश्नांचीं उत्तरें शेवटीं वेचणीच्याच पायरीवर येऊन ठेपतात.

प्रथम ही विद्या कोठून आली तें पाहूं. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या घडणीची आज्ञा ज्या द्रव्यांत लिहिलेली असते त्यास डीएनए म्हणतात. तें द्रव्य प्रथम हातीं लागलें तें १८६९ सालीं. फ्रीड्रिख मीशर नांवाच्या तरुण स्विस शास्त्रज्ञानें जर्मनींतील ट्युबिंगेन येथें, शेजारच्या रुग्णालयांतून पू लागलेल्या, टाकून द्यावयाच्या पट्ट्या मागवून घेतल्या. पुवांत पांढऱ्या पेशी विपुल असतात. त्या धुऊन, डुकराच्या जठरांतील पाचक रसानें त्यांतील प्रथिनें विरघळवून त्यानें जें मागें उरविलें, त्याला ‘न्यूक्लिन’ असें नांव दिलें. वंशपरंपरेचें मूलद्रव्य आपण हातांत धरलें आहे हें त्या वेळीं कोणासहि उमगलें नव्हतें. पण त्याच्या मार्गांतील पहिली पायरी वेचणीचीच होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ह्यानंतर शंभर वर्षें ही कृति किचकटच राहिली. विषारी द्रावणें, वारंवार घुसळण, आणि प्रत्येक पायरीस थोडा माल वायां जाणें, हें ठरलेलें. १९९० सालीं अॅम्स्टरडॅम येथील बूम आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं एक सोपी रीत प्रसिद्ध केली. ग्वानिडिन वर्गांतील एका तीव्र क्षाराच्या द्रावणांत पेशी फुटतात, प्रथिनें निकामी होतात, आणि अशा द्रावणांत डीएनए हा सिलिकेच्या कणांस जाऊन चिकटतो. सिलिका म्हणजे जिच्यापासून कांच बनते ती वाळूच. मग मद्यार्कमिश्रित पाण्यानें ते कण धुतले म्हणजे मळ निघून जातो, आणि शेवटीं साध्या, क्षार नसलेल्या पाण्यांत घातले म्हणजे डीएनए सुटून पाण्यांत येतो. तीव्र क्षारांत धरणें आणि साध्या पाण्यांत सोडणें, एवढ्या एका गुणावर ही सारी रीत उभी आहे.

आतां राहिला प्रश्न त्या कणांना द्रवांतून बाहेर काढण्याचा. पूर्वीं त्यासाठीं नळी यंत्रांत गरगर फिरवून कण तळाशीं बसवीत. येथें लोहचुंबक उपयोगीं आला. नॉर्वेंतील ट्राँढाइम येथें जॉन उगेलस्टाड ह्यांनीं १९७६ च्या सुमारास अगदीं एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी बनविण्याची कला साधली. पुढें त्या मण्यांच्या पोटांत लोहाच्या ऑक्साइडचे कण भरण्यांत आले, आणि चुंबकानें ओढतां येणारे मणी तयार झाले. मणी कांहीं सहस्रांश मिलिमीटरांचे असले तरी आंतील लोहकण नॅनोमीटरांत मोजावे लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि हे लोहकण दहा-वीस नॅनोमीटरांचे असतात. आतां तर मण्यावांचून नुसते असे कण, वर सिलिकेचा किंवा दुसऱ्या कशाचा पातळ लेप देऊन, थेट वापरतात.

इतका बारीक कण घेण्यांत दोन लाभ आहेत. पहिला असा कीं, एकाच वजनाचा पदार्थ जितका बारीक करावा तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो. खडीसाखरेपेक्षां पिठीसाखर लवकर विरघळते तें ह्याच कारणानें. पृष्ठभाग वाढला म्हणजे पकड वाढते. दुसरा लाभ अधिक चमत्कारिक आहे. लोखंडाचा खिळा चुंबकास बराच वेळ लावून ठेविला तर तो स्वतःच चुंबक बनतो व चुंबक दूर नेल्यावरहि टांचण्या उचलतो. लोह-ऑक्साइडचा कण मात्र दहा-वीस नॅनोमीटरांइतका लहान झाला कीं त्याचा हा हट्ट नाहींसा होतो. चुंबक जवळ आहे तोंवर तो ओढला जातो, आणि चुंबक दूर होतांच पूर्ववत् होऊन पाण्यांत मोकळा फिरूं लागतो. त्यामुळें कणांच्या गुठळ्या होत नाहींत. नळीच्या बाजूस चुंबक लावावा, तांबूस-काळे कण भिंतीस जाऊन बसतात. पाणी ओतून द्यावें, नवें पाणी घालावें, चुंबक काढावा, कण पुन्हां पसरतात. मोठ्या नळींतील द्रवांत विखुरलेला डीएनए अशा रीतीनें शेवटीं कांहीं थेंबांत एकवटतां येतो. हें सारें यंत्राच्या हातानें एका वेळीं शंभर नमुन्यांवर होऊं शकतें.

आतां घोलवडच्या वाडींत परत येऊं. चिकूच्या झाडाचें पान तोडलें कीं पांढरा चीक निघतो. त्या चिकाशिवाय पानांत तुरट द्रव्यें आणि बुळबुळीत शर्करावर्गीय पदार्थहि असतात. पान वाटतांच तुरट द्रव्यें हवेनें काळीं पडतात व डीएनएस घट्ट धरून बसतात. बुळबुळीत पदार्थ त्याच्यासारखेच वागतात आणि त्याच्याबरोबरच बाहेर येतात. म्हणून असलें पान कोंवळें घेतात, अति थंड द्रव नायट्रोजनमध्यें गोठवून कुटतात, तुरट द्रव्यें शोषणारा पदार्थ त्यांत मिसळतात, आणि मगच वेचणीस लागतात. लोहकण कितीहि चतुर असले तरी पूर्वतयारी चुकली तर ते डीएनएबरोबर मळहि उचलतात, आणि पुढची परीक्षा बंद पडते.

समजा, वेचणी उत्तम झाली. तरी पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळेल काय? येथें वाचकांनीं सावध राहावें. घोलवडचा प्रसिद्ध चिकू ‘कालीपत्ती’ जातीचा आहे, आणि ही जात बी पेरून नव्हे, तर खिरणीच्या खुंटावर कलम बांधून वाढवितात. कलमाचें झाड म्हणजे मूळ झाडाचीच फांदी. तेव्हां घोलवडच्या कालीपत्तीचा डीएनए आणि गुजरातेंत वाढलेल्या कालीपत्तीचा डीएनए ह्यांत गांवाची खूण सांपडण्याची आशा धरणें व्यर्थ आहे. डीएनए जात सांगेल. माती सांगणार नाहीं. मानांकन तर मातीचें, हवेचें आणि लागवडीच्या रीतीचें आहे. त्याची परीक्षा करावयाची तर फळांतील खनिजांचें प्रमाण तपासणें, वाडीची नोंद आणि मालाच्या प्रवासाचा कागद पाहणें, हे मार्ग निराळे आहेत. जें वेचलें त्याच्या पोटांत जी माहिती नाहीं, ती कितीहि शुद्ध वेचणीनें निघावयाची नाहीं.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या जनुकांत एकच अक्षर बदललेलें असतें, आणि तेवढ्यानें तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. दोघां आईबापांकडून हें जनुक आलें तरच आजार होतो. एकाकडूनच आलें तर मूल केवळ वाहक होतें आणि बहुधा निरोगी राहतें. दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणीं मूल आजारी निघण्याचा संभव चारांत एक. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा विकार आढळतो. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली, आणि २०४७ पर्यंतचें ध्येय समोर ठेविलें आहे.

वाहक ओळखण्यासाठीं लोहकणांची मुळींच गरज नाहीं. बोटाच्या टोंकाच्या एका थेंबावर विद्राव्यतेची साधी चाचणी होते व तींत संशय दिसल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून खात्री करतात. नवजात अर्भकाच्या टांचेचे चार थेंब विशिष्ट टिपकागदावर घेऊन वाळविले तर तो कागद टपालानेंहि पाठवितां येतो. स्वस्त साधनानें जें भागतें तेथें महाग साधन आणूं नये, हा संसाराचा नियम प्रयोगशाळेसहि लागू आहे.

परंतु मूल पोटांत असतांनाच कळावयाचें असेल, तर आपल्याकडील प्रचलित रीत म्हणजे गर्भाच्या वारेचा अंश सुईनें घेणें. त्यासाठीं मुंबईसारख्या ठिकाणीं जावें लागतें, आणि गर्भास थोडा धोकाहि असतो. १९९७ सालीं डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑक्सफर्ड येथें दाखविलें कीं, आईच्या रक्तरसांत गर्भाचा डीएनए तुकड्यातुकड्यांनीं फिरत असतो. तेव्हांपासून केवळ आईच्या दंडांतून रक्त काढून गर्भाची परीक्षा करण्याचा मार्ग खुला झाला. मात्र रक्तरसांतील अशा मोकळ्या डीएनएपैकीं गर्भाचा वांटा सरासरीनें दहांत एक इतकाच असतो, उरलेला आईचा. आणि आई स्वतः वाहक असेल तर विकाराचें अक्षर तिच्या डीएनएंतहि आहेच! तांदळांतून खडा वेचणें सोपें. आंबेमोहराच्या राशींत मिसळलेले दुसऱ्या शेतांतील आंबेमोहराचे दाणे वेचणें कठीण.

तरीहि एक गुण निराळा सांपडला आहे. गर्भाचे तुकडे आईच्या तुकड्यांहून किंचित् आंखूड असतात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेंत चुंबकीय मण्यांची अशी एक रीत निघाली कीं, क्षार आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल ह्यांचें प्रमाण कमीजास्त केलें कीं किती लांबीचे तुकडे मण्यांवर बसावेत हें ठरवितां येतें. म्हणजे तेच मणी चाळणीचेंहि काम करूं लागले. ही चाळणी जाडीभरडी आहे, आंखुडांबरोबर आईचेहि पुष्कळ तुकडे येतात. पण गर्भाचा वांटा वाढविण्यास अशा उपायांची मदत होते. सिकल सेलसाठीं ही परीक्षा आपल्या खेड्यांपाड्यांत नित्याची झालेली नाहीं.

आणि ती तशी होण्याच्या आड जी अडचण आहे, ती यंत्राची म्हणण्यापेक्षां अंतराची आहे. साध्या नळींत काढलेलें रक्त तसेंच राहिलें तर आईच्या पांढऱ्या पेशी फुटूं लागतात आणि त्यांचा डीएनए रसांत मिसळतो. दहांतील एक वांटा मग वीसांत एक, पन्नासांत एक असा पातळ होत जातो. म्हणून सामान्यतः सहा तासांच्या आंत रक्तरस वेगळा करून गोठवावा लागतो. किंवा पेशी फुटूं न देणारें द्रव्य घातलेल्या खास नळ्या घ्याव्या लागतात. त्यांत रक्त कांहीं दिवस टिकतें, पण त्या महाग पडतात. घोलवडच्या पूर्वेकडील पाड्यावरून सकाळीं निघालेली बाई आरोग्यकेंद्रांत केव्हां पोहोंचते, तेथें रस वेगळा करणारें यंत्र आहे कीं नाहीं, वीज गेली तर काय, आणि डहाणू ते चर्चगेट हें सुमारें १२४ किलोमीटरांचें अंतर नमुना कशांत ठेवून तोडावयाचा, ह्यावर निकाल खरा कीं खोटा हें अवलंबून आहे. डहाणूस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचें आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, आणि मुंबईंत केईएम रुग्णालयाच्या आवारांत त्याच परिषदेची, १९५७ पासून रक्तविषयक कार्य करणारी, राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्था आहे. ह्या दोन टोंकांमधील वाट पक्की होणें हें नव्या कणांच्या शोधाइतकेंच महत्त्वाचें आहे.

२०२० सालच्या साथींत हाच धडा साऱ्या देशास मिळाला. घशांतील नमुन्यांतून विषाणूचा आरएनए वेगळा करण्याचें साहित्य परदेशांतून येई, व त्याचीच टंचाई पडली. परीक्षा करणारे होते, यंत्रें होतीं. पण वेचणीचें साधन नव्हतें. त्या एप्रिल महिन्यांत तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेनें चुंबकीय नॅनोकणांवर आधारलेलें स्वदेशी साहित्य ‘चित्रा मॅग्ना’ ह्या नांवानें पुढें आणलें.

आपल्या पुण्यांतहि ह्याच जातीचें एक काम झालें आहे. अॅक्टोरियस इनोव्हेशन्स ह्या तेथील कंपनीनें ‘ऑन्कोडिस्कव्हर’ नांवाची चाचणी तयार केली, आणि तिला केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची अनुज्ञा मिळाली. कर्करोगाच्या गांठींतून सुटून रक्तांत फिरणाऱ्या पेशी ती वेचते. एक मिलिलिटर रक्तांत सुमारें पांचशें कोटी तांबड्या पेशी असतात, आणि अशी कर्कपेशी एखादीच. चुंबकीय नॅनोकणांवर एक प्रतिपिंड बसविलेलें असतें. तें एपकॅम नांवाच्या प्रथिनास ओळखून धरतें. हें प्रथिन पुष्कळ कर्कपेशींच्या अंगावर असतें, रक्तपेशींवर नसतें. अमेरिकेंत ह्याच तत्त्वावरील ‘सेलसर्च’ चाचणीस २००४ सालीं मान्यता मिळाली. त्या वेळच्या अभ्यासांत, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या रुग्णांच्या साडेसात मिलिलिटर रक्तांत पांच किंवा अधिक अशा पेशी निघाल्या, त्यांची पुढील वाटचाल अधिक कठीण गेली, असें आढळलें.

परंतु ज्या खुणेवर कण पकडतो ती खूण कांहीं कर्कपेशी अंगावरून टाकूनहि देतात, व अशा पेशी कणांच्या हातून निसटतात. म्हणून अहवालांत शून्य आलें म्हणजे रोग नाहीं असा अर्थ होत नाहीं. आणि पेशी आढळल्या तरी त्या कोठून आल्या, पुढें काय करावें, हें केवळ संख्येवरून ठरत नाहीं. गांठीचा तुकडा काढून केलेल्या परीक्षेची जागा ही चाचणी सरसकट घेऊं शकत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडीलधारी माणसें आहेत, तशाच माहेरीं बाळंतपणास आलेल्या लेकीसुनाहि आहेत. एखाद्या दिवशीं अशी चाचणी करावी कीं नाहीं हा प्रश्न बैठकींत निघेल. खर्च किती आणि निकाल केव्हां, एवढेंच विचारून घरांतील कर्ती माणसें बहुधा थांबतात. त्यांनीं डॉक्टरांस आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. रक्तांतून नक्की कोणती वस्तु वेचली जाणार आहे? ती कोणत्या खुणेवर ओळखतात, आणि खूण नसलेली वस्तु निसटण्याचा संभव किती? नमुना काढल्यापासून किती तासांत आणि कशा नळींतून तो प्रयोगशाळेंत पोहोंचला पाहिजे? ह्याबरोबरच, निकाल काहींहि आला तरी उपचारांत त्यामुळें कोणता फरक पडणार, हेंहि समजून घ्यावें. फरक पडणार नसेल तर ते पैसे आणि ती धास्ती दोन्हीं वांचतील.

आणि ज्या घरांत विवाहाच्या वाटाघाटी चालल्या असतील, किंवा जेथें नव्या पिढीचा पाळणा हलावयाचा असेल, तेथें सिकल सेल असो वा थॅलसेमिया, दोन्हीं बाजूंच्या रक्ताची साधी तपासणी आधींच करून घ्यावी. हे विकार कोणा एका जातीचे नाहींत. आपल्याकडे पत्रिका पाहण्याची चाल आहे, त्याच बैठकींत हा एक कागद ठेवण्यास हरकत कसली? वाहक निघणें हा दोष नव्हे, त्यानें कोणाच्या कुळास उणेपणा येत नाहीं. आधीं कळलें म्हणजे पुढच्या कठीण वेचणीची पाळीच पुष्कळदां येत नाहीं.